सकाळच्या रॅकमधली लाल केंद्रकं

पहिली तक्रार एका ओळीची होती. आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली स्लाइड पाहून निदान करणाऱ्या मॅडमनी रिकटच्या, म्हणजे त्याच नमुन्याचा नवा काप मागणाऱ्या, चिठ्ठीवर लिहिलं होतं, "स्टेन नीट नाही, पुन्हा द्या." जठराची बायोप्सी, तीन बारीक तुकडे, एकच ब्लॉक, म्हणजे ते तुकडे बसवलेली मेणाची वडी. मी नवा सेक्शन, म्हणजे पातळ काप, घेतला, दुपारच्या रॅकमध्ये लावला, स्लाइड सुरेख आली आणि अहवाल गेला. दुसऱ्या दिवशी तशाच दोन चिठ्ठ्या आल्या. आठवडा संपेपर्यंत अकरा झाल्या. दर वेळी रिकट चांगला यायचा, आणि रिकट चांगला आला की विषय मिटला असं आम्ही धरून चालायचो.

कारण शेवटी अगदी साधं निघालं. ते सापडायला तीन आठवडे का लागले, हे मात्र सविस्तर लिहिण्यासारखं आहे. त्या तीन आठवड्यांत आम्ही पेशींची केंद्रकं निळी करणारं चांगलं हेमॅटॉक्सिलिन ओतून दिलं, बाकीच्या भागाला गुलाबी रंग देणाऱ्या इओसिनची वेळ उगाच बदलली आणि सकाळच्या पाळीच्या मुलाला विनाकारण बोल लावले. त्यातलं निम्म्याहून जास्त माझंच काम होतं.

आमची पद्धत

आमच्याकडे हेमॅटॉक्सिलिन-इओसिन मशीनवर होतं. रॅकमध्ये स्लाइड लावायच्या, झाकण बंद करायचं, बटण दाबायचं. झायलीनमध्ये मेण निघतं, उतरत्या, म्हणजे क्रमाने कमी तीव्रतेच्या, अल्कोहोलमधून सेक्शन पाण्यापर्यंत येतात, मग हॅरिसचं हेमॅटॉक्सिलिन ६ मिनिटं. धुणं. मग ॲसिड अल्कोहोल, म्हणजे ७० टक्के अल्कोहोलमध्ये १ टक्का हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्यात काही सेकंदच. पुन्हा पाणी, ५ मिनिटं. मग अल्कोहोल, इओसिन, चढते अल्कोहोल, झायलीन, कव्हरस्लिप.

हॅरिसची पद्धत म्हणजे आधी गरजेपेक्षा जास्त रंग चढवायचा आणि मग ॲसिडने नको तिथला उतरवायचा. पेशीद्रव्यातला रंग आधी सुटतो, केंद्रकातला धरून राहतो. नेमकं कुठे थांबायचं ते जमलं की अर्धी लढाई जिंकली.

उरलेली अर्धी पाण्यात असते. हेमॅटॉक्सिलिन हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या गाभ्यातून निघतं. ते स्वतः रंग नाहीच. त्याचं ऑक्सिडीकरण होऊन हेमॅटीन तयार झालं की रंग होतो. हॅरिसने १९०० साली यासाठी मर्क्युरिक ऑक्साइड वापरलं होतं. आता पाऱ्याच्या विषारीपणामुळे बहुतेक ठिकाणी सोडियम आयोडेट असतं. पण नुसतं हेमॅटीन केंद्रकाला चिकटत नाही. त्याला तुरटी लागते. कापडाचा रंग पक्का करायला रंगारी तुरटी वापरतात, तसाच हा प्रकार; १८६५ मध्ये बोह्मरने हेमॅटॉक्सिलिनबरोबर तुरटी वापरली तेव्हापासून तो प्रयोगशाळेत चालत आला आहे. तुरटीतलं ॲल्युमिनियम आणि हेमॅटीन यांची जोडी धनभारित असते, ती डीएनएच्या ऋणभारित फॉस्फेटला जाऊन बसते.

ही जोडी आम्लात लाल असते आणि सहज सुटते. अल्कली मिळाली की निळी होते आणि जागच्या जागी घट्ट बसते. या निळं होण्याला आम्ही ब्लूइंग म्हणतो. हाताने रंगवणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं: ॲसिड अल्कोहोलमधून रॅक वर काढला की सेक्शन विटकरी-लाल दिसतात, नळाच्या पाण्यात धरले की डोळ्यादेखत जांभळे आणि मग निळे होतात. शिकताना मला हेच दृश्य सगळ्यात आवडायचं. मशीन आलं तसं ते झाकणाखाली गेलं. गेली कित्येक वर्षं आमच्या लॅबमध्ये ब्लूइंग कुणी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं.

आमच्या लेखी पद्धतीत त्या पायरीपुढे एवढंच होतं: "वाहतं पाणी, ५ मिनिटं." हेमॅटॉक्सिलिनचा लॉट नंबर, उघडल्याची तारीख, गाळल्याची सही, ॲसिड अल्कोहोल बदलल्याची वेळ, सगळ्याला रकाने होते. पाण्याला रकाना नव्हता.

काय दिसत होतं

चिठ्ठ्या साठल्यावर मी मॅडमच्या खोलीत जाऊन दुहेरी मायक्रोस्कोपवर बसले. स्लाइड आतड्याच्या बायोप्सीची होती. इओसिन भडक, जवळजवळ टोमॅटोच्या रंगाचं. केंद्रकं होती जागेवरच, आकारही ठीक. पण त्यांचा निळा-काळा करकरीतपणा नव्हता. लालसर-जांभळी, कडा पुसट, आतल्या क्रोमॅटिनचे दाणे वेगळे दिसेनात. मॅडम म्हणाल्या, "फिकी आहेत, बघ." मीही मान डोलावली.

इथे आम्ही दोघींनी पहिली चूक केली. ती शब्दाची होती, आणि तिच्यामुळे पुढचे दहा दिवस वाया गेले. केंद्रकं फिकी नव्हती, लाल होती. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. ॲसिड अल्कोहोलमध्ये जास्त वेळ राहिली तर केंद्रकं फिकी होतात, पण उरलेला रंग निळाच असतो. हेमॅटॉक्सिलिन दमलं असेल, सेक्शन फार पातळ असेल, डीकॅल्सिफिकेशनच्या, म्हणजे हाडातलं कॅल्शियम काढायच्या, कडक ॲसिडने ऊतीच खराब झाली असेल, तरी फिकी. लाल राहणं हे मात्र निळं न होण्याचं लक्षण, आणि निळं होणं ही एकाच पायरीची जबाबदारी. "फिकी" या शब्दाने आम्हाला चार दरवाजे दाखवले, त्यातला एकही बरोबर नव्हता. चिठ्ठीवर "लालसर" लिहिलं असतं तर मी सरळ पाण्याकडे गेले असते, असं आज वाटतं. कदाचित गेलेही नसते.

चुकीचे संशयित

पहिला संशय ॲसिड अल्कोहोलवर. वेळ दोन सेकंदांनी कमी केली. केंद्रकं तशीच लाल, शिवाय पेशीद्रव्यावर निळसर-राखाडी पडदा राहिला. वेळ पुन्हा पूर्ववत केली.

मग इओसिन. ते भडक दिसत होतं म्हणून त्याची वेळ निम्मी केली. सकाळच्या स्लाइड थोड्या शांत झाल्या आणि दुपारच्या एकदम पांढुरक्या पडल्या. हा केवढा मोठा इशारा होता! एकाच मशीनवर, एकाच जारमधून, एकाच वेळेचं इओसिन सकाळी भडक आणि दुपारी फिकट का यावं? इओसिन थोड्या आम्लतेत उत्तम चढतं, पीएच साधारण ४.६ ते ५ च्या आसपास. सेक्शन आम्ल घेऊनच इओसिनमध्ये शिरला तर तो जास्त ओढून घेतो. अल्कली घेऊन शिरला तर चढतच नाही. म्हणजे सकाळचे सेक्शन आदल्या पायरीतून आम्ल बरोबर घेऊन येत होते. हे सगळं मला पुस्तकी माहीत होतं. तेव्हा डोक्यात आलं नाही.

तिसरा संशय फिक्सेशन (फॉर्मॅलिनमध्ये ऊती टिकवणं) आणि प्रोसेसिंग (तिच्यातलं पाणी काढून मेण भरणं) यांवर, कारण सगळ्या तक्रारी छोट्या बायोप्सींच्या होत्या. मोठ्या नमुन्यांच्या, म्हणजे गर्भाशय, स्तन, आतड्याचे लांब तुकडे, यांच्या स्लाइड झकास येत होत्या. छोट्या तुकड्यांना प्रोसेसरमध्ये मोठ्यांइतकाच वेळ दिला तर त्यातलं पाणी गरजेपेक्षा जास्त निघून जातं, तुकडे ठिसूळ होतात, सेक्शनला बारीक भेगा पडतात. प्रोसेसरवर शंका घ्यायला हे पुरेसं होतं. फॉर्मॅलिनचा पीएच तपासला, तो ७ च्या जवळ, बफर ठीक. प्रोसेसरमधलं मेणाचं तापमान पाहिलं, तेही ठीक. पण फिक्सेशनचा दोष असता तर तुकड्याच्या कडेला आणि मधोमध फरक दिसला असता. फॉर्मॅलिन बाहेरून आत जातं, त्याची खूण राहते. इथे कडेपासून मध्यापर्यंत सगळं सारखंच लाल. मॅडमनी हे माझ्या लक्षात आणून दिलं, आणि मी म्हणाले, "बघते." बघितलं नाही.

कारण तोवर मला खरा गुन्हेगार सापडला होता, असं मला वाटत होतं.

थेंबाची चाचणी

हेमॅटॉक्सिलिन चांगलं आहे का हे पाहायची एक जुनी, झटपट रीत आहे. काचेच्या ग्लासात नळाचं पाणी घ्यायचं आणि त्यात हेमॅटॉक्सिलिनचे दोन-तीन थेंब टाकायचे. क्षणात निळं-जांभळं झालं तर रंग जिवंत. लाल किंवा तपकिरी राहिलं तर तो जास्त ऑक्सिडीकरण होऊन खराब झाला. मला ही माझ्या पहिल्या नोकरीतल्या ज्येष्ठ ताईंनी शिकवली, मी पुढे डझनभर मुलांना शिकवली.

सकाळी साडेसातला, रोजच्या गाळणीनंतर, मी थेंब टाकले. लाल. तळाशी वाइनसारखी रेघ उतरत गेली आणि तशीच राहिली. ग्लास हलवला, फिकट गुलाबी झालं. निळं होण्याचं नाव नाही.

मशीनमधलं हेमॅटॉक्सिलिन ओतून दिलं. त्याच लॉटची नवी बाटली फोडली, पुन्हा थेंब टाकले. पुन्हा लाल. म्हणजे लॉटच खराब! पुरवठादाराला फोन केला, आवाज चढवूनच. त्यांनी बिचाऱ्यांनी वाद न घालता वेगळ्या लॉटच्या दोन बाटल्या बदली म्हणून पाठवल्या. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. मी लगेच थेंब टाकले, झकास निळं. सुटकेचा श्वास टाकला, मशीनमध्ये भरलं, दुपारची रॅक सुंदर आली. सगळ्यांना सांगितलं, लॉट खराब होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लाल.

मग सकाळच्या पाळीच्या मुलाकडे सगळे बघायला लागले. तो नवीन होता, त्यामुळे सोयीचा होता. गाळण बरोबर करतोस का, जार झाकतोस का, मशीनवर कुठला प्रोग्राम लावतोस. तो दर वेळी शांतपणे म्हणायचा, "ताई, मी तुम्ही सांगितलं तसंच करतो." ते अगदी खरं होतं.

थायरॉइड

सगळं उलटलं ते थायरॉइड ग्रंथीच्या एका नमुन्यामुळे. नेहमीच्या क्रमाने त्या ब्लॉकचे सेक्शन दुपारच्या रॅकमध्ये गेले असते. त्या दिवशी सकाळच्या रॅकमध्ये जागा होती, रुग्णाचे डॉक्टर अहवालासाठी विचारत होते, म्हणून आम्ही ते बायोप्सींबरोबर लावले.

अकरा वाजता मॅडमनी मला बोलावलं. पडद्यावर एका गाठीतल्या फॉलिकलच्या पेशी होत्या. केंद्रकं फिकट, आतून रिकामी-रिकामी, दुधी काचेसारखी. ज्याने थायरॉइड पाहिलंय त्याला इथे काय मनात येतं ते सांगायला नको: पॅपिलरी कार्सिनोमात, म्हणजे थायरॉइडच्या एका कर्करोगात, केंद्रकं मोठी आणि अशीच स्वच्छ दिसतात, त्यांच्या कडांना खाचा असतात, ती एकमेकांवर चढलेली असतात. इथे खाचा नव्हत्या, केंद्रकं एकमेकांवर चढलेली नव्हती, फक्त स्वच्छपणा होता. मॅडमनी स्लाइड हळूच सरकवली आणि गाठीबाहेरच्या लिम्फोसाइटच्या, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या, घोळक्यावर थांबवली.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "लिम्फोसाइटचं केंद्रक शाईच्या ठिपक्यासारखं हवं. हे बघ कसं आहे."

लिम्फोसाइटही लालसर होते. शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशीही. तंतुमय ऊतीतल्या लांबट पेशीही. कुठल्याही स्लाइडमध्ये अशा ओळखीच्या पेशी असतात, त्यांचा रंग कसा असावा हे आपल्याला पाठ असतं. गाठीत संशय घेण्याआधी त्यांच्याकडे बघायचं. सगळीच केंद्रकं स्वच्छ दिसत असतील तर तो आजार नसतो, रंगाचा दोष असतो. मॅडमनी अहवाल थांबवला.

आणि मग त्या सहज बोलल्या, "पण ही तर बायोप्सी नाही."

मी तिथेच उभी राहिले. तोपर्यंत आमचं सगळं गणित "बायोप्सी खराब येतात" यावर उभं होतं. ते चुकलं होतं. बायोप्सी खराब येत नव्हत्या. सकाळी रंगवलेलं सगळं खराब येत होतं. बायोप्सी रात्रभर प्रोसेस होऊन सकाळी कापल्या जातात, त्यामुळे त्या नेहमी पहिल्या रॅकमध्ये असतात, एवढाच त्यांचा दोष. आणि रिकट चांगले यायचे कारण मॅडम स्लाइड पाहून चिठ्ठी लिहीपर्यंत दुपार व्हायची.

मशीनची नोंदवही काढली. चिठ्ठ्यांचे नंबर आणि रॅकच्या वेळा समोरासमोर मांडल्या. साडेअकरानंतरच्या रॅकमधली एकही तक्रार नव्हती.

ओतलेल्या बाटलीचा तळ

ज्या बाटलीवर मी खापर फोडलं होतं तिच्या तळाशी बोटभर हेमॅटॉक्सिलिन उरलं होतं. कचऱ्यात टाकायचं राहून गेलं होतं. दुपारी दीड वाजता मी तेच घेतलं आणि त्याच नळाच्या पाण्यात थेंब टाकले.

पाणी लखलखीत निळं झालं.

मी ग्लास खिडकीशी नेऊन बघितला. मग शेजारी दुसऱ्या ग्लासात डिस्टिल्ड पाणी घेतलं, त्याच ड्रॉपरने, त्याच बाटलीतला थेंब. लाल. सकाळी जशी रेघ उतरत गेली होती तशीच. ज्या चाचणीवर मी एवढी वर्षं विसंबून होते, ती हेमॅटॉक्सिलिनची चाचणी तेव्हाच असते जेव्हा पाणी चांगलं असतं. पाणी बदललं की ती पाण्याची चाचणी होते. सकाळी साडेसातला ग्लासातलं पाणी मला खरं काय ते सांगत होतं आणि मी त्याची साक्ष बाटलीविरुद्ध वापरत होते.

देखभाल विभागात गेले तेव्हा सगळं उलगडलं. आमच्या मशीनच्या नळ्यांत आणि बाकी उपकरणांत क्षार साचायचे, पांढरे थर बसायचे, झडपा अडकायच्या. आम्हीच लेखी तक्रार केली होती. त्यावर उपाय म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मजल्याला आरओ जोडलं होतं. रात्री मागणी नसते, त्यामुळे टाकी आरओच्या पाण्याने काठोकाठ भरायची. सकाळी तेच पाणी यायचं. अकराच्या सुमारास वापर वाढला की आरओची गती पुरेनाशी व्हायची, बायपास उघडायचा आणि टाकीत साधं पाणी मिसळायला लागायचं. दुपारपर्यंत बहुतेक साधंच. तिथल्या तंत्रज्ञाने अभिमानाने सांगितलं, "पाणी एकदम शुद्ध आहे, पीएच जवळजवळ सात."

एक थेंब ॲसिड

तो खोटं बोलत नव्हता. इथेच या प्रकरणातला खरा गाभा आहे, आणि बऱ्याच लॅबमध्ये तो नीट समजून घेतला जात नाही. पीएच म्हणजे या क्षणी पाणी किती आम्ल आहे. अल्कली धरून ठेवायची ताकद म्हणजे दुसरीच गोष्ट. साध्या पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. त्यात थोडं ॲसिड पडलं तर ते बायकार्बोनेट गिळून टाकतं, पीएच ढळत नाही. आरओचा पडदा क्षार अडवतो, म्हणजे बायकार्बोनेटही अडवतो. कार्बन डायऑक्साइड मात्र वायू असल्याने आरपार जातो, त्यामुळे या पाण्याचा पीएच बहुधा सहाच्या आसपास किंवा खालीच राहतो. शिवाय एवढ्या कमी आयनांत पीएच मीटरचा आकडा स्थिर राहत नाही. सात दिसला म्हणून तो सात असतोच असं नाही.

मी दोन बीकरमध्ये प्रत्येकी १०० मिलिलिटर पाणी घेतलं, एकात सकाळचं साठवलेलं आरओ, दुसऱ्यात दुपारचं साधं. दोन्हींत आमच्याच जारमधल्या ॲसिड अल्कोहोलचा एकेक थेंब. साध्या पाण्यातली पीएच पट्टी जशी होती तशीच राहिली. आरओमधली चारच्या जवळ आली. एका थेंबाने! मशीनमधला रॅक ॲसिड अल्कोहोलमधून उचलला जातो तेव्हा त्याच्या कडांवरून, तीस स्लाइडच्या मधल्या फटींतून, असे कितीतरी थेंब पाण्याच्या जारमध्ये जातात. वाहत्या पाण्याने ते हळूहळू निघून जातात खरे, पण ज्या पाच मिनिटांत सेक्शन निळा व्हायला हवा त्यातला बराच वेळ तो सौम्य ॲसिडमध्येच उभा असतो, आणि उरलेल्या वेळात ज्या पाण्यात असतो त्यात निळं करायला काहीच नसतं.

मग चार स्लाइड. अपेंडिक्सचा एकच ब्लॉक घेतला. त्यात श्लेष्मल अस्तर, लिम्फोसाइटचे पुंजके, स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या सगळं एकत्र मिळतं. लागोपाठचे चार सेक्शन, एकाच जारमध्ये एकाच वेळी हेमॅटॉक्सिलिन, एकाच वेळी ॲसिड अल्कोहोल. मग प्रत्येक वेगळ्या जारमध्ये: सकाळचं पाणी, दुपारचं पाणी, डिस्टिल्ड, आणि चौथा स्कॉटच्या द्रावणात. हे द्रावण म्हणजे १ लिटर पाण्यात ३.५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. त्याचं इंग्रजी नावच मुळी नळाच्या पाण्याला पर्याय असं आहे. सकाळच्या पाळीचा मुलगा शेजारी घड्याळ घेऊन उभा होता. स्कॉटमधली स्लाइड मिनिटाच्या आत निळी झाली. दुपारच्या पाण्यातली तीन मिनिटांत. उरलेल्या दोन पाच मिनिटांनीही विटकरी. तो म्हणाला, "ताई, हे मी पहिल्यांदाच बघतोय." त्याने ब्लूइंग कधी उघड्या जारमध्ये पाहिलंच नव्हतं.

ती तिसरी, लाल राहिलेली स्लाइड मी मग उचलून स्कॉटमध्ये बुडवली. ती निळी झाली. म्हणजे हेमॅटॉक्सिलिन केंद्रकात होतंच, फक्त त्याला निळं करणारं काही मिळालं नव्हतं.

दुरुस्ती

घाईत पहिल्या दिवशी अमोनियाचं पाणी वापरलं. निळं झालं लगेच, पण चरबीच्या भागातले आणि हाडाचे दोन सेक्शन काचेवरून सुटून तरंगायला लागले. अल्कली कडक झाली की हे होतं. दुसऱ्या दिवसापासून मशीनमध्ये स्कॉटच्या द्रावणाचा स्वतंत्र जार ठेवला, २ मिनिटं, आणि त्याच्यानंतर पाण्याची एक फेरी. ही नंतरची फेरी विसरली तर अल्कली इओसिनच्या जारमध्ये जाते आणि चार-पाच रॅकनंतर इओसिन हळूहळू मरतं. इओसिनची वेळ पुन्हा मूळची केली. लालपेशी, कोलॅजन आणि स्नायू यांच्या तीन वेगळ्या गुलाबी छटा परत दिसायला लागल्या. मॅडम इओसिनची परीक्षा त्यावरूनच करतात.

आरओ काढून टाका असं काही जण म्हणाले. मी विरोध केला. लोहासाठी पर्ल्सचा रंग करताना साध्या पाण्यातलं लोह त्रास देतं, चांदीच्या रंगांना क्षार चालत नाहीत, आणि आम्लरोधक जिवाणूंच्या रंगात पाण्यातलेच मायकोबॅक्टेरिया स्लाइडवर बसून घोळ करू शकतात. हेमॅटॉक्सिलिन बनवायलाही शुद्धच पाणी लागतं. शुद्ध पाणी चांगलं आहे. ब्लूइंगच्या जारमध्ये ते नको, इतकंच.

मागच्या तीन आठवड्यांच्या सकाळच्या सगळ्या स्लाइड बाहेर काढल्या. हे काम कंटाळवाणं होतं आणि कुणी आनंदाने केलं नाही. मॅडमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पुन्हा पाहिल्या आणि केंद्रकांच्या बारकाव्यावर निदान अवलंबून होतं अशा वेगळ्या काढल्या. त्यांच्या कव्हरस्लिपा झायलीनमध्ये ठेवून सोडवल्या. काही एका रात्रीत निघाल्या, काहींना दोन दिवस लागले. मग अल्कोहोलमधून पाण्यापर्यंत, वाटेत बरंचसं इओसिन निघून गेलं, स्कॉटमध्ये ५ मिनिटं, पाणी, नवं इओसिन, पुन्हा बंद. बहुतेक उजळल्या. थोड्यांचा रंग मुळातच उतरला होता. आत ॲसिड राहिलं की हेमॅटॉक्सिलिन दिवसागणिक फिकं होत जातं. त्यांचे नवे सेक्शन कापावे लागले, आणि एका बायोप्सीच्या ब्लॉकमध्ये कापायला जेमतेम उरलं होतं. एकाही अहवालाचं निदान बदललं नाही. थायरॉइडची स्लाइड निळी होऊन परत आली तेव्हा केंद्रकं गोल, गडद, एकसारखी होती, लिम्फोसाइट शाईच्या ठिपक्यांसारखे, आणि गाठ निरुपद्रवी निघाली.

थेंबाची चाचणी आम्ही सोडली नाही. आता ती नळाच्या पाण्यात होत नाही. बायकार्बोनेट घातलेल्या पाण्याची एक बाटली त्यासाठी वेगळी ठेवली आहे, तिच्यावर बनवल्याची तारीख असते. नोंदवहीत पाण्याला रकाना आला: सकाळच्या पहिल्या रॅकआधी नळाच्या पाण्यात एक थेंब, रंग लिहायचा. निळा, जांभळा किंवा लाल. "ठीक" असं लिहायचं नाही. रिकटच्या चिठ्ठीवरही "स्टेन नीट नाही" असं लिहून चालत नाही. केंद्रकाचा रंग कोणता आणि पेशीद्रव्याचा कोणता, ते लिहायचं. पहिले काही दिवस मॅडम यावर वैतागल्या होत्या.

सकाळच्या पाळीच्या मुलाची मी माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण बोलही सगळ्यांसमोरच लावले होते. तो लाजला आणि गाळण करायला निघून गेला.

पुरवठादाराला फोन करायला मला आणखी दोन दिवस लागले. सांगितलं की तुमचा लॉट उत्तम होता, पाणी आमचं होतं. बदली म्हणून पाठवलेल्या दोन बाटल्यांचं बिल पाठवा. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "मॅडम, याच महिन्यात अजून एका लॅबने हाच लॉट परत पाठवलाय. त्यांना विचारू का, आरओ बसवलंय का म्हणून?"